कोरी फाईल आणि मराठीचे अक्षर

‘संपादक’ हा शब्द उच्चारला की मराठीच्या अभ्यासकाला एकनाथ आठवावेत. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ च्या सुमारास, त्यांनी ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांतील अपपाठ दूर करून शुद्ध प्रत सिद्ध केली आणि तीत पुढे कोणी भर घालू नये अशी ताकीदही देऊन ठेवली. संगणकाच्या जगात ‘टेक्स्ट एडिटर’ म्हणजे निव्वळ मजकूर लिहिण्याची, पुसण्याची आणि शोधण्याची आज्ञावली. दोन्ही अर्थ एकाच शब्दात यावेत हा योगायोग असला तरी तो फुकट घालवण्यासारखा नाही. कारण एडिटर नावाची ही आज्ञावलीसुद्धा क्षणोक्षणी संपादनाचे निर्णय घेत असते. अक्षर कोठे संपते, शब्द कोठे तुटतो, वाक्य पुरे केव्हा होते, पुसायचे म्हटले तर किती पुसायचे, हे सारे तिच्यात आधीच ठरलेले असते. आणि ज्यांनी ठरवले त्यांच्यासमोर बहुधा मराठी नव्हती. म्हणून साहित्याच्या विद्यार्थ्याने आणि अध्यापकाने एकदा तरी आपल्या एडिटरची घडण कोऱ्या फाईलपासून, एकेक ओळ समजून घेत, स्वतःच्या हाताने करावी असे आमचे मत आहे. हा तंत्रज्ञांचा छंद आहे, आपला त्याच्याशी काय संबंध, असे वाटणाऱ्यांसाठीच हा लेख आहे.

ज्यांचा सारा लेखनव्यवहार वर्ड प्रोसेसरमध्ये चालतो त्यांच्यासाठी थोडा खुलासा. एडिटरांची दोन जुनी घराणी आहेत. पहिले ईमॅक्सचे. एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत १९७६ साली रिचर्ड स्टॉलमन आणि गाय स्टील यांनी ‘टेको’ या त्याहून जुन्या एडिटरवर त्याची उभारणी केली. आज वापरात असलेला ग्नू ईमॅक्स १९८५ मध्ये लोकांच्या हाती आला. दुसरे घराणे व्हीआयचे. तो बिल जॉय यांनी १९७६ मध्येच लिहिला आणि त्याचा वारस व्हिम १९९१ साली ब्राम मूलेनार यांनी प्रसिद्ध केला. (मूलेनार २०२३ मध्ये वारले. व्हिम फुकट वापरा, पण जमल्यास युगांडातील मुलांना मदत करा, अशी विनंती ते आज्ञावली उघडताच समोर ठेवत.) दोन्ही घराण्यांची रीत एकच: एडिटर सुरू होताच वापरणाऱ्याची एक खासगी फाईल वाचतो आणि तीत लिहिले असेल त्याप्रमाणे वागू लागतो. फाईल नसेल तर कर्त्यांनी ठरवलेली मूळची वागणूक राहते. या फाईलीला कॉन्फिगरेशन म्हणतात. ईमॅक्समध्ये ती लिस्प भाषेतील खरीखुरी आज्ञावलीच असते, त्यामुळे बटणे चालू-बंद करण्यापुरते तिचे क्षेत्र मर्यादित नाही. नसलेली क्रिया तिथे निर्माणही करता येते.

आता हल्ली ही फाईल स्वतः लिहायची गरज उरलेली नाही. ईमॅक्ससाठी स्पेसमॅक्स, डूम अशी तयार बाडे मिळतात. व्हिममधून २०१४ साली फुटून निघालेल्या निओव्हिमसाठीही पुष्कळ आहेत. दहा मिनिटांत रंगीबेरंगी, सुसज्ज एडिटर उभा राहतो. प्रोग्रामरांसाठी ही सोय उत्तम आहे, कारण ती त्यांनीच त्यांच्यासाठी केलेली आहे. ओवी, तळटीप, पाठभेद आणि पाय मोडलेली अक्षरे यांच्याशी ज्यांचा रोजचा व्यवहार आहे त्यांच्यासाठी त्या बाडात जवळजवळ काहीच नसते. आणि जे असते ते कोणत्या ओळीमुळे घडते आहे याचा पत्ता लागत नाही.

घराणे निवडताना आम्ही ईमॅक्सकडे वळलो त्याचे कारण आवडीनिवडीचे नाही. व्हिमचे खरे घर टर्मिनल, आणि टर्मिनल म्हणजे चौकटींची वही. प्रत्येक चिन्हाला ठरावीक रुंदीचे घर मिळते. रोमन अक्षरे त्या घरांत निमूट बसतात. ‘ष्ट्री’ किंवा ‘र्त्स्य’ बसत नाही, आणि कर्सर एकीकडे तर अक्षर दुसरीकडे अशी अवस्था होते. ईमॅक्स स्वतःच्या खिडकीत चालवला तर २०२० च्या २७ व्या आवृत्तीपासून तो जोडाक्षरे जुळवण्याचे काम हार्फबझ या आज्ञावलीकडे सोपवतो, आणि देवनागरी छापील पुस्तकासारखी दिसते. व्हिमच्या चाहत्यांशी आमचे भांडण नाही. इंग्रजीत लिहिताना आम्हीही तोच उघडतो.

कोऱ्या फाईलीत आमची पहिली महत्त्वाची ओळ आली ती वाक्यासाठी. ईमॅक्समध्ये एका कळीसरशी पुढच्या वाक्यावर जाता येते, दुसरीने अख्खे वाक्य उचलता येते. मराठी मजकुरात हे चालत नाही, परिच्छेदच्या परिच्छेद ओलांडला जातो. का? कारण पूर्णविरामानंतर दोन मोकळ्या जागा असतील तरच वाक्य संपले, असे ईमॅक्स आजही मुळात मानतो. अमेरिकन टंकलेखकांची ही जुनी सवय. तीत शहाणपण नाही असे नव्हे, संक्षेपाचा बिंदू आणि वाक्याचा शेवट वेगळे ओळखता येतात. पण मराठीत तशी पद्धत कधीच नव्हती. एका ओळीत हा नियम रद्द करता येतो. त्याच्या शेजारी आम्हाला दुसरी ओळ लिहावी लागली, कारण वाक्य संपवणाऱ्या चिन्हांच्या यादीत पूर्णविराम, प्रश्नचिन्ह, उद्गारचिन्ह आहे, दंड नाही. ज्याला अभंगांच्या संहितेत चरणाचरणाने फिरायचे आहे त्याने दंड तिथे स्वतः नेऊन ठेवायचा. आपल्या गद्याने छापखान्याबरोबर पूर्णविराम घेतला आणि पद्यात दंड राहू दिला, हा विरामचिन्हांचा इतिहास विद्यार्थी परीक्षेपुरता वाचतो. इथे तो कळफलकावर भेटतो.

वाक्याचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. ब्रायन कर्निहन यांनी १९७४ मध्ये युनिक्सच्या नवशिक्यांसाठी लिहिलेल्या पुस्तिकेत, दस्तऐवज टंकताना प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर सुरू करावे, असा सल्ला दिला आहे. छापताना परिच्छेद जुळतोच. पण लिहिताना वाक्ये सुटी राहिली की त्यांची उलथापालथ सोपी जाते. खर्ड्यांचा इतिहास ठेवण्यासाठी गिट वापरणाऱ्यांना (लिनस टॉरवाल्ड्स यांनी तो २००५ मध्ये लिहिला) हा सल्ला अधिकच उपयोगी, कारण गिट दोन खर्ड्यांची तुलना मुळात ओळीओळीने करतो. परिच्छेद एकाच लांब ओळीत असेल तर एक वेलांटी बदलली तरी सारा परिच्छेद बदलला असे दिसते. कवीने कोणता शब्द कितव्या खर्ड्यात खोडला याच्या शोधात आपले संशोधक हस्तलिखितांवर डोळे फोडतात. आजच्या लेखकाने आपले खर्डे असे जपले तर पन्नास वर्षांनंतरच्या संशोधकाचे काम किती हलके होईल, याची कल्पना करावी.

आता अक्षराकडे वळू. येथे थोडे रेंगाळावे लागेल.

‘स्त्री’ हे वाचकाच्या दृष्टीने एक अक्षर. छंदःशास्त्राच्या दृष्टीनेही एकच. युनिकोडच्या दृष्टीने ती सहा चिन्हे: स, पाय मोडण्याचे चिन्ह, त, पुन्हा तेच चिन्ह, र आणि दीर्घ वेलांटी. मग कर्सरच्या एका पावलात यांपैकी किती यावे? युनिकोडच्या सर्वसाधारण नियमानुसार २०२३ पर्यंत ‘स्त्री’चे तीन तुकडे पडत: ‘स्’, ‘त्’ आणि ‘री’. त्या वर्षीच्या १५.१ व्या आवृत्तीत देवनागरीसह काही भारतीय लिप्यांसाठी नवा नियम आला आणि जोडाक्षर अखंड मानले जाऊ लागले. म्हणजे मराठी अक्षर म्हणजे काय हा प्रश्न, जो आपल्याकडे शिक्षाग्रंथांपासून चर्चिला गेला, तो एका आंतरराष्ट्रीय मानकात आत्ता कुठे सुटला. आणि तो सुटत असताना आपल्या किती साहित्य-विभागांत त्याची वार्ता होती, हे वाचकांनीच ठरवावे.

ईमॅक्सची या बाबतीतली वागणूक मोठी रोचक आहे. कर्सरच्या पुढचे पुसणारी डिलीटची कळ दाबली तर ‘स्त्री’ अख्खी जाते. मागचे पुसणारी बॅकस्पेसची कळ दाबली तर आधी वेलांटी जाते, मग र, मग पाय मोडल्याचे चिन्ह, असे एकेक. पहिल्यांदा ही विसंगती वाटते. थोडा विचार केल्यावर तीत संगती दिसू लागते. आत्ताच टंकलेले चुकले तर माणसाला शेवटचा घटकच बदलायचा असतो. ‘स्त्रि’ झाले ते ‘स्त्री’ करायचे आहे, सारे अक्षर पुन्हा टंकायचे नाही. आधीच लिहून झालेल्या मजकुरातले काढायचे तर ते वाचकाच्या अक्षराप्रमाणे निघावे. व्हिममध्येही ‘डेलकम्बाइन’ नावाचा पर्याय आहे, जोडून येणारी चिन्हे एकेक पुसायची की मूळ चिन्हासकट, हे तो ठरवतो. आम्ही ईमॅक्सची मूळ वागणूक ठेवली. पण ती ठेवली म्हणजे निवडली, आणि फाईलीत तशी टीप लिहिली.

याच्या पुढचा प्रश्न अधिक गंभीर आहे. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हा भेद मराठीचा खास. गुरूंना दक्षिणा आणि स्वयंपाक्याला मजुरी यांची गल्लत होऊ नये म्हणून तो डोळ्यांत तेल घालून सांभाळावा लागतो. ‘दऱ्या’मधला हा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एका तऱ्हेत खाली टिंब असलेला स्वतंत्र र घेऊन त्याचा पाय मोडतात. इन्स्क्रिप्ट कळफलकावर तो नेहमीच्या र च्याच कळीवर, शिफ्टसह मिळतो. दुसऱ्या तऱ्हेत साधा र, पाय मोडण्याचे चिन्ह आणि त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. कागदावर तर फरक कळण्याचा प्रश्नच नाही. पण एका तऱ्हेने टंकलेला ‘दऱ्या’ शोधला तर दुसऱ्या तऱ्हेचा सापडत नाही. ‘ॲरिस्टॉटल’चे तसेच. आद्य ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ मध्ये, ५.१ व्या आवृत्तीत. त्याआधीच्या मजकुरांत ‘अ’ला चंद्र जोडलेला असे, कधी मधे अदृश्य चिन्ह घालून तर कधी न घालता. म्हणजे काव्यशास्त्रावरच्या वीस वर्षांतील लेखांचा संग्रह कोणी केला आणि त्यात या ग्रीक तत्त्ववेत्त्याचे उल्लेख शोधले, तर तो तीनदा वेगवेगळा शोधावा लागेल. ज्याला हे ठाऊक नाही तो एकदा शोधून ‘उल्लेख विरळ आहेत’ असा निष्कर्ष काढील आणि तो निष्कर्ष प्रबंधात छापूनही येईल.

आमच्या फाईलीत यासाठी दहा-बारा ओळींचे एक छोटे फलन आहे. ते शोधाच्या वेळी सर्व रूपे एकच मानते आणि नव्या मजकुरात, फाईल जतन करण्यापूर्वी, ती एका ठरलेल्या रूपात आणते. ते चालवण्याआधी ज्या संग्रहावर आमचे काम चालू होते त्यात ‘ऱ्य’ची दोन्ही रूपे मिसळलेली होती, कारण तो निरनिराळ्या काळी निरनिराळ्या कळफलकांवर टंकला गेला होता. एकनाथांसमोरच्या पोथ्यांत लेखनिकांच्या हातांनी भेद शिरले होते. आपल्यासमोरच्या फाईलींत ते कळफलकांनी शिरवले आहेत, आणि उघड्या डोळ्यांना दिसत नसल्यामुळे हे अधिक चिवट आहेत.

परंतु इथेच सावध राहायला हवे. नव्या मजकुराला जे औषध तेच जुन्याला विष ठरू शकते. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली आले, १९७२ मध्ये त्यांत आणखी चारांची भर पडली. त्यांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. हरिभाऊ आपट्यांच्या काळात ‘नांव’, ‘कांहीं’, ‘तेथें’ हे सारे शुद्धच होते. आजचा शुद्धलेखन-तपासनीस त्या प्रत्येक शब्दाखाली तांबडी रेघ ओढतो आणि स्वयंदुरुस्ती चालू असेल तर ती निमूटपणे पुसूनही टाकतो. ईमॅक्समध्ये प्रत्येक फोल्डरसाठी वेगळे नियम देता येतात. जुन्या संहितांच्या फोल्डरात आमचे एडिटर काहीही दुरुस्त करत नाही. शोधताना मात्र शीर्षबिंदूकडे दुर्लक्ष करते, म्हणजे ‘नाव’ शोधले की ‘नांव’ही सापडते. संहिता जशीच्या तशी आणि शोध उदार, ही पाठचिकित्सेची साधी शिस्त आहे. ती कोणत्याही तयार बाडात आम्हाला आढळली नाही. आढळावी अशी अपेक्षाही नाही. ही ज्याची गरज त्यानेच लिहायची.

शब्दाची कथा त्या मानाने थोडक्यात आटोपते. पायथन भाषेच्या प्रमाण ग्रंथालयात ‘शब्दातील चिन्ह’ ओळखण्याची जी सोय आहे तीत काना-वेलांट्या बसत नाहीत. तिला ‘कविता’ हा शब्द दिला तर ती त्याचे ‘कव’ आणि ‘त’ असे दोन शब्द करते. संख्यात्मक शैलीविचाराचे वारे आपल्याकडेही पोचले आहे. कोणाच्या गद्यात कोणता शब्द किती वेळा, अशी कोष्टके परिसंवादांत दिसू लागली आहेत. अशा कोष्टकापुढे पहिला प्रश्न हाच विचारावा, की शब्द कोणी तोडले? मोडीत आणि पोथ्यांत शब्दांमध्ये मोकळी जागा सोडण्याची रीत नव्हती, वाचणाराच ते सोडवून घेई. त्या वाचणाऱ्याच्या जागी आज यंत्र बसले आहे. वर्णानुक्रमाचेही असेच. युनिकोडच्या क्रमात ळ हा ल च्या लगेच पाठीमागे येतो. आपल्या वर्णमालेत तो ह च्या नंतर. शब्दसूची यंत्राने लावली की ‘काळ’ कोठे सापडेल हे आधी विचारून घ्यावे लागते.

या सगळ्या खटाटोपात आम्हाला निखळ आनंद दिला तो अक्षरे मोजणाऱ्या एका फलनाने. मोठ्या अभंगाच्या चार चरणांत सहा, सहा, सहा, चार अशी अक्षरे असतात. ओळीपुढे अक्षरसंख्या दाखवणारे काही तरी हवे होते. एडिटरची चिन्हसंख्या निरुपयोगी, ती ‘स्त्री’चे सहा मोजणार. उपाय अगदी बाळबोध निघाला: स्वतंत्र स्वर आणि व्यंजने मोजावीत व पाय मोडण्याची चिन्हे त्यांतून वजा करावीत. ‘स्त्री’त तीन व्यंजने, दोन चिन्हे, बाकी एक. ‘अर्थात्’मध्ये एक स्वर, तीन व्यंजने, दोन चिन्हे, बाकी दोन, अखेरचा ‘त्’ आपोआप गळतो, छंदातही तो वेगळा मोजत नाहीत. पाच-सहा ओळींचे हे फलन लिहिताना अक्षर म्हणजे स्वराधार हे व्याकरणातले जुने वाक्य आम्हाला जितके नीट उमगले तितके ते शिकवतानाही उमगले नव्हते. लघु-गुरूचे फलन याहून अवघड आहे, कारण पुढच्या जोडाक्षराचा आघात मागच्या अक्षरावर पडतो की नाही हे मराठीत कानाने ठरते. ‘तुम्ही’मधला ‘तु’ लघुच राहतो, ‘पुष्प’मधला ‘पु’ गुरू होतो. यंत्राला अपवादांची यादी द्यावी लागते, आणि ती यादी करणे म्हणजे मराठी उच्चाराचे एक टिपणच तयार करणे.

आक्षेप आहेत, आणि त्यांतला एक आम्हाला मनापासून मान्य आहे. बोरू तासण्यातच दिवस गेला, लिहिणे राहिले, असा हा प्रकार होऊ शकतो. होतोच. ईमॅक्सवाल्यांत ‘दिवाळखोरी’ असा रूढ शब्द आहे. वर्षानुवर्षे वाढलेली फाईल स्वतःलाच कळेनाशी झाली की ती फेकून कोऱ्या फाईलीपासून पुन्हा सुरुवात करणे, याला तो लावतात. डोनाल्ड क्नूथ यांनी १९७७ मध्ये आपल्या ग्रंथाची मुद्रिते पाहिली, अक्षरजुळणी त्यांना पसंत पडली नाही, आणि काही महिन्यांत उरकेल या हिशेबाने त्यांनी टेक ही अक्षरजुळणीची आज्ञावली हाती घेतली. ती पुरती स्थिरावायला सुमारे दहा वर्षे लागली. जगाचे कल्याण झाले, ग्रंथाचे पुढचे खंड लांबले. उलट टोकाला कादंबरीकार जॉर्ज आर. आर. मार्टिन. आपण डॉसवरचे वर्डस्टार ४.० वापरतो, कारण ते आपण सांगितल्याखेरीज काही करत नाही, असे त्यांनी २०१४ मध्ये एका दूरचित्रवाणी मुलाखतीत सांगितले, तेव्हा लोक हसले. आम्हाला त्यात हसण्यासारखे काही दिसत नाही. तीस वर्षे जुने साधन निवडणारा आणि स्वतःचे साधन घडवणारा, दोघेही आपल्या अक्षरांवर दुसऱ्याचा हात चालू देत नाहीत. लेखनसाधनांचा साहित्यावर काय परिणाम होतो याचा ज्यांना सविस्तर विचार करायचा असेल त्यांनी मॅथ्यू किर्शनबाम यांचा ‘ट्रॅक चेंजेस’ (२०१६) हा वर्ड प्रोसेसरचा वाङ्मयीन इतिहास पाहावा. मराठीचा असा इतिहास लिहिला जायला हवा, पण तो वेगळा विषय.

दिवाळखोरीवर आमचा उतारा एकच: कारण मराठीत लिहिता येत नसेल तर ती ओळ फाईलीत घालायची नाही. क्नूथ यांनीच १९८४ मध्ये ‘साक्षर प्रोग्रामिंग’ असा विचार मांडला, की आज्ञावली ही आधी माणसाने वाचण्यासाठी लिहावी, निबंधासारखी, आणि यंत्रासाठीचा भाग त्या निबंधातून काढून घ्यावा. खगोलशास्त्रज्ञ कार्स्टन डोमिनिक यांनी २००३ मध्ये सुरू केलेल्या ऑर्ग मोडमुळे ईमॅक्समध्ये हे सहज जमते. आमचे कॉन्फिगरेशन आज असा एक मराठी निबंध आहे, ज्यात मधूनमधून लिस्पच्या ओळी येतात. दोनएकशे ओळी लिस्पच्या असतील; गद्य त्याच्या तिप्पट. एखादा नियम का घातला याची टीप वाचून तो पटेनासा झाला तर काढून टाकता येतो. कोणी म्हणेल की हा सारा उद्योग आता एखाद्या भाषा-प्रारूपाला सांगितला तर ते मिनिटभरात करून देते. देते खरे. पण ‘ऱ्य’ची दोन रूपे आहेत हे विचारणाऱ्यालाच माहीत नसेल तर तो मागेल काय?

राहता राहिली टिकण्याची गोष्ट, आणि आमच्या दृष्टीने तीच निकडीची. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरही बराच काळ मराठी पुस्तकांची अक्षरजुळणी ज्या फॉन्टांत झाली, त्यांत मराठी अक्षरांना रोमन अक्षरांच्या जागा दिलेल्या असत. फॉन्ट असेपर्यंत मराठी दिसे. तो नसला की उरतो निरर्थक रोमन मजकूर. प्रत्येक फॉन्टकुळाची जागावाटणी वेगळी. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत लिहून जाणूनबुजून दडवले, आणि ते उलगडायला राजवाड्यांसारखा माणूस यावा लागला. आपण आपली एका पिढीची पुस्तके अजाणता तशीच सांकेतिक करून ठेवली आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा आनंद आम्हालाही आहे; पण ज्ञानेश्वरीच्या पोथीइतकीच १९९५ सालच्या कवितासंग्रहाची फाईलही आज दुर्वाच्य आहे, हे त्या आनंदात विसरले जाऊ नये. साध्या युनिकोड मजकुराची फाईल कोणत्याही एडिटरात उघडते. ईमॅक्स उद्या बंद पडला तरी आमचे निबंध त्याच्याबरोबर जाणार नाहीत, आणि आमची कॉन्फिगरेशन फाईलसुद्धा, ती निबंधच असल्यामुळे, निदान वाचता येईल.

तेव्हा आमची सूचना अशी. पदव्युत्तर वर्गात पाठचिकित्सेच्या घटकाला जोडून एक प्रात्यक्षिक ठेवावे. विद्यार्थ्याला कोरी फाईल द्यावी, १९६२ पूर्वीच्या गद्याची चार पाने द्यावीत, दहा अभंग द्यावेत आणि सत्राच्या अखेरीस तीस-चाळीस ओळींचे, मराठी टिपांसह लिहिलेले कॉन्फिगरेशन मागावे. गुण टिपांना द्यावेत. सुरुवात पूर्णविरामापुढच्या दुहेरी जागेपासून करावी, कारण ती ओळ चालू-बंद करून पाहायला अर्धा मिनिट लागतो आणि परिणाम तत्काळ दिसतो. ‘ऱ्य’चे प्रकरण दुसऱ्या आठवड्यात घ्यावे. त्यासाठी विभागातल्या जुन्या फाईली जमवाव्या लागतील, आणि त्या कोणत्या कपाटातल्या सीडीवर आहेत की कोण्या निवृत्त प्राध्यापकांच्या घरच्या संगणकावर, हे शोधण्यात पहिला आठवडा जाईल.